मंत्रालयातली जाळी मूळ नकाशात नव्हती

मंत्रालयात काम घेऊन गेलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास आठवतात. पासची रांग, आणि आतल्या मोकळ्या जागेवर ताणलेली जाळी. त्या जाळीकडे येण्याआधी जरा मागे जाऊया.

इंग्रजांचं सचिवालय ओव्हल मैदानासमोर होतं. आराखडा कर्नल विल्किन्स यांचा, काम १८७४ साली पुरं झालं. ४४३ फूट लांब, मधोमध मनोरा, कमानींचे व्हरांडे. पुढचा भराव झालेला नव्हता, त्यामुळे समुद्राचा वारा थेट आत. साहेबाला उकडू नये याची सोय आधी! आज तिथे सत्र न्यायालय भरतं.

१९५५ साली कारभार भरावाच्या जमिनीवरच्या नव्या सहा मजली इमारतीत आला. मनोरा नाही, नक्षी नाही, नुसत्या सरळ रेषा. महाराष्ट्र तेव्हा जन्मलाही नव्हता; अहमदाबाद आणि धारवाड दोन्ही मुंबई राज्यातच होते. १९७५ मध्ये, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 'सचिवालया'चं 'मंत्रालय' झालं. म्हणजे घर अधिकाऱ्यांचं नाही, लोकांनी निवडून दिलेल्यांचं. नाव छानच होतं. पण सहावा मजला लोकांना लांबचा तो लांबचाच राहिला.

मग २१ जून २०१२. चौथ्या मजल्यावर भरदुपारी आग लागली आणि सहाव्यापर्यंत चढली. पाच माणसं गेली. त्यानंतर इमारत आतून जवळपास नव्यानं बांधून काढली, चकाचक केली.

आणि या नव्या मंत्रालयात जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातला ८४ वर्षांचा शेतकरी आला. संपादित जमिनीचा मोबदला कमी मिळाला, एवढंच त्याचं म्हणणं. तिथेच त्यानं विष घेतलं, काही दिवसांनी तो गेला. फेब्रुवारीत आणखी एकानं वरच्या मजल्यावरून उडी मारून जीव दिला. लगेच नायलॉनची जाळी आली. जीव वाचवायला जाळी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण माणूस इथवर येतो का, या प्रश्नावर सरकारला सगळ्यात झटपट सुचलेलं उत्तर सुतारकामाच्या पातळीचं होतं, हे बोचतं.

पुढे जाळीचं आंदोलनाचं व्यासपीठच झालं. लोक मागण्या घेऊन तिच्यावर उतरू लागले. ४ ऑक्टोबर २०२४ ला तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळच आदिवासी आमदारांसह तिच्यावर उतरले. धनगर समाजाला आदिवासींच्या आरक्षणात घेऊ नका, ही मागणी. सत्ताधारी बाकावरचा माणूस, ज्याला सहाव्या मजल्यावर जायला पास लागत नाही, तोही जाळीवर!