इंजिनातील ऑइल सील

ऑइल सील हा यंत्राच्या फिरत्या शाफ्टभोवती बसवलेला कड्याच्या आकाराचा सुटा भाग होय. आतील वंगण तेल बाहेर पडू न देणे आणि बाहेरची धूळ आत शिरू न देणे ही त्याची कामे. मोटारगाडीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांशी आणि बहुधा कॅमशाफ्टच्या टोकाशीही ते असते. गॅस्केट व ऑइल सील यांत अनेकदा गल्लत होते. गॅस्केट दोन स्थिर पृष्ठभागांमधील फट बुजवते. ऑइल सीलला मात्र शाफ्ट फिरत असताना तेल अडवावे लागते.

रचना व कार्य

सीलच्या बाहेरच्या बाजूस पोलादी पत्र्याचे कडे असते. त्याला जोडलेल्या रबराची आतली पातळ कड शाफ्टवर टेकते. या कडेस ओठ म्हणतात. ओठाभोवती गुंडाळलेली बारीक स्प्रिंग त्याचा दाब कायम राखते. पूर्वी यासाठी चामडे वापरत, तर अनेक जुन्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागील टोकाशी ग्रॅफाइट मुरवलेली ॲस्बेस्टॉसची दोरी असे. आज साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत नायट्राइल रबर चालते. सुमारे २०० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी फ्लुओरिनयुक्त रबर लागते.

ओठ शाफ्टला घट्ट चिकटून तेल रोखतो, ही समजूत अपुरी आहे. दोहोंमध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असावाच लागतो. तो नसल्यास घर्षणाने रबर लवकरच करपते. हा थर बाहेर वाहत नाही याचे कारण ओठाच्या आकारात आहे. तेलाकडील उतार तीव्र, तर हवेकडील उतार सौम्य असतो. शाफ्ट फिरू लागला की ओठावरील सूक्ष्म खडबडीतपणा तेलाला पुन्हा आत ढकलतो. सील उलटे बसवल्यास हीच क्रिया तेल बाहेर लोटते.

गळतीची कारणे

उष्णतेने रबर कडक होते व त्यास चिरा पडतात. दीर्घ वापराने ओठाखाली शाफ्टवर खाच पडते. क्रँककेसमधील वायू बाहेर नेणारी नळी तुंबली, तर आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल झिरपते. अशा वेळी केवळ सील बदलणे व्यर्थ ठरते. व्हॉल्व्हच्या झाकणाच्या गॅस्केटमधून सुटलेले तेल इंजिनावरून ओघळून मागील सीलपाशी जमते आणि दोष सीलच्या माथी येतो. म्हणून इंजिन बाहेरून स्वच्छ पुसून, थोडा वेळ चालवून तेलाचा माग वरून खाली शोधणे आवश्यक असते.

गळती दुर्लक्षिल्यास पुढील बाजूस टायमिंग बेल्ट तेलाने भिजून खराब होतो, तर मागील बाजूस क्लच प्लेट घसरू लागते. तेलाची पातळी फार खाली गेल्यास बेअरिंगे जळून इंजिन जाम होऊ शकते.

बदलण्याची पद्धत

पुढील सीलसाठी बेल्ट व पुली काढावी लागते. मागील सीलसाठी बहुधा गियरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. त्यामुळे सीलची किंमत किरकोळ असली तरी मजुरी मोठी येते. क्लचच्या कामासाठी गियरबॉक्स उतरवलाच असेल, तर मागील सीलही तेव्हाच बदलणे शहाणपणाचे.

सीलवर ३५-५०-८ असे आकडे कोरलेले असतात. ते अनुक्रमे शाफ्टचा व्यास, सील बसते त्या खाचेचा व्यास आणि सीलची जाडी मिलिमीटरमध्ये दर्शवतात. जुने सील उचकटताना शाफ्टवर ओरखडा उठता कामा नये. केसाएवढा ओरखडाही नव्या सीलमधून तेल गळण्यास पुरेसा असतो. नव्या रबरी ओठास स्वच्छ तेल लावून, सर्व बाजूंनी सारखा दाब देत सील सरळ बसवतात. हातोडीने एकाच कडेवर ठोकल्यास सील तिरके बसते आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. टेफ्लॉनच्या ओठाचे सील मात्र सामान्यतः कोरडेच बसवतात, कारण त्याचा सूक्ष्म थर शाफ्टवर चढावा लागतो. शाफ्टवर खाच पडली असल्यास नवा ओठ खाचेच्या जरा बाजूला येईल असे सील बसवतात, किंवा शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवतात.