रणगाड्यातली माणसं

माझा भाचा रात्री जेवण झालं की हेडफोन लावून बसतो. त्याचे दोन मित्र, एक पुण्यात आणि एक शारजाला, त्याच वेळी आपापल्या घरी बसलेले असतात. खेळाचं नाव ‘आर्मा ३’. चेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीने २०१३ साली तो बाजारात आणला. तिघं मिळून एक रणगाडा चालवतात. एक चालक, एक तोफ चालवणारा गनर आणि एक कमांडर.

सुरुवातीला मला हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटला. एकदा त्याच्या मागे खुर्ची टाकून तासभर बसलो, तेव्हा लक्षात आलं की गोळी फार क्वचित सुटते. बाकीचा वेळ बोलण्यात जातो. “डावीकडे झाडांची रांग, आठशे मीटर.” “दिसत नाही.” “पडक्या घराच्या मागे बघ.” “दिसला.” “मग मार ना!” मी मध्येच काही विचारलं तर उत्तर आलं, “मामू, अभी चूप बैठो.” चालकाला समोरच्या फटीतून दिसेल तेवढंच दिसतं. गनरला दुर्बिणीतून लांबचं दिसतं, पण बाजूचं काहीच नाही. कमांडरला चहूकडे दिसतं, पण त्याच्या हातात ना चाक ना घोडा. तिघांपैकी एकाकडेही पूर्ण चित्र नसतं. तोंडाने सांगून ते जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत समोरच्याने गोळा टाकलेला असतो.

युद्धाच्या इतिहासात रणगाड्याची चर्चा चिलखत किती जाड आणि तोफ किती मोठी, याभोवतीच फिरते. आत कोण बसलं होतं आणि ते एकमेकांशी कसं बोलत होते, हा प्रश्न सहसा शेवटच्या पानावर जातो. वास्तविक तो पहिल्या पानावर हवा.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत इंग्रजांनी पहिल्यांदा रणगाडे उतरवले. त्या ‘मार्क १’मध्ये आठ माणसं असत. त्यांतली चार नुसती गाडी चालवण्यासाठी लागत. इंजिन माणसांच्या मधोमध, उघडं. आवाज इतका की बोलणं अशक्य. मागच्या गिअर सांभाळणाऱ्यांना इशारा द्यायचा तर इंजिनाच्या झाकणावर हाणायचं, नाहीतर हातवारे करायचे. मुख्यालयाला निरोप पाठवायला सोबत कबुतरं दिलेली असत. पोलादी पेटीतलं कबुतर, ही कल्पनाच आज हास्यास्पद वाटते. पण त्या काळी तोच रेडिओ होता.

खरा धडा १९४० सालचा आहे. मे महिन्यात जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला, तेव्हा फ्रेंचांकडे रणगाडे कमी नव्हते आणि हलकेही नव्हते. त्यांच्या ‘शार बी-१ बिस’चं चिलखत ६० मिलिमीटर जाड होतं. १६ मे रोजी स्टोन गावात पिएर बिलोत या कॅप्टनने असा एक रणगाडा जर्मन रांगेत घुसवला, तेरा रणगाडे निकामी केले आणि अंगावर गोळ्यांचे शंभराहून जास्त व्रण घेऊन तो परत आला. एकही गोळा आरपार गेला नव्हता.

असं असूनही फ्रान्स सहा आठवड्यांत पडला. त्याची कारणं अनेक आहेत. सेनापतींची सुस्ती, आर्देनच्या जंगलाकडे झालेलं दुर्लक्ष, रणगाडे पायदळात विखरून ठेवण्याची पद्धत. पण एक कारण त्या रणगाड्याच्या पोटात होतं. बी-१च्या वरच्या फिरत्या घुमटात, म्हणजे टरेटमध्ये, एकच माणूस मावत असे, आणि तो कमांडर. शत्रू शोधायचा त्यानेच, तोफेत गोळा भरायचा त्यानेच, नेम धरायचा आणि डागायचाही त्यानेच. शिवाय चालकाला कुठे वळायचं ते सांगायचं. तुकडीचा प्रमुख असेल तर बाकीचे रणगाडे कुठे आहेत तेही बघायचं. खाली चालकाकडे गाडीसोबत ७५ मिलिमीटरची दुसरी तोफ दिलेली होती. ‘सोमुआ एस-३५’ हा तर त्या काळचा उत्तम रणगाडा मानला जातो, पण त्याच्याही टरेटमध्ये एकटाच जीव.

जर्मन ‘पॅन्झर ३’ चिलखतात कमी पडत होता. मात्र त्यात पाच माणसं होती आणि टरेटमध्ये तिघं. गनर नेम धरी, लोडर गोळा भरी, कमांडर फक्त बघे आणि बोले. आतल्या आत बोलायला यंत्रणा होती. बाहेर बोलायला रेडिओ होता. जवळपास प्रत्येक जर्मन रणगाड्यात निदान ऐकण्यापुरता तरी असेच. या दलाची घडण करणारा गुडेरियान पहिल्या महायुद्धात संदेशवहन खात्यात होता, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अर्थात, जर्मनांकडे असे रणगाडे थोडेच होते. बहुतांश हलके ‘पॅन्झर १’ आणि ‘२’ होते. रशियनांना हेच शहाणपण महागात मिळालं. १९४१च्या टी-३४ मध्ये कमांडरलाच नेम धरावा लागे. तिघांचं टरेट आलं ते १९४४मध्ये, टी-३४-८५ सोबत.

भाच्याचा एक मित्र एखाद्या रात्री आला नाही, की कमांडर आणि गनर ही दोन्ही कामं एकालाच करावी लागतात. मी पाहिलंय, त्या रात्री ते लवकर मरतात.

हा खेळही लष्कराच्या वळचणीलाच वाढलेला आहे. १९८० साली अटारी कंपनीचा ‘बॅटलझोन’ आला. हिरव्या रेषांची मैदानं आणि एकट्याने चालवायचा रणगाडा. अमेरिकी लष्कराला त्याची सरावासाठी आवृत्ती हवी होती. तो खेळ रचणाऱ्या एड रोटबर्गला हे काम मुळीच नको होतं, तरी ते त्याच्याच गळ्यात पडलं. पुढे त्याच दशकात ‘डार्पा’ने सिमनेट उभारलं. त्यात जोडलेल्या खोक्यांमध्ये रणगाड्याची अख्खी चौकडी बसे आणि दुसऱ्या खोक्यांतल्या चौकड्यांशी लढे. खोकी दिसायला साधी होती. आपसात बोलण्याचा सराव होणं महत्त्वाचं, बाकी हुबेहूब नसलं तरी चालेल, असा हिशेब होता. आज घराघरांत चाललेल्या अशा खेळांचा हा आजोबा.

सिमनेटशी जोडलेली एक गोष्ट मला बोचत राहते. २६ फेब्रुवारी १९९१ला इराकच्या वाळवंटात ‘७३ ईस्टिंग’ची लढाई झाली. वाळूच्या वादळात अमेरिकी तुकड्यांनी इराकच्या तवक्कलना डिव्हिजनचे रणगाडे काही मिनिटांत जाळले. नंतर ती लढाई संगणकावर पुन्हा उभी करण्यात आली. प्रत्यक्ष जागेवर जाऊन मापं घेतली, लढलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. कोणता रणगाडा कुठल्या क्षणी कुठे होता, सगळं नोंदलं गेलं. पण मुलाखती मुख्यतः एकाच बाजूच्या होत्या. अमेरिकी रणगाड्यांना त्या पडद्यावर माणसांचे आवाज मिळाले. इराकी रणगाडे आकृती म्हणून उरले, पेटण्यापुरते. ‘तवक्कलना’ या शब्दाचा अर्थ ‘आम्ही भरवसा ठेवला’. आतले गनर आणि लोडर शेवटी एकमेकांना काय म्हणाले, याला त्या नोंदीत जागाच नाही.

मागच्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन नगरला गेलो. तिथे चिलखती दलाचं केंद्र आहे आणि त्याचं रणगाड्यांचं संग्रहालयही. ‘पॅटन’समोर तो बराच वेळ थांबला. मी त्याला असल उत्तरची हकिकत सांगितली. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळची शेतं, पाणी सोडून केलेला चिखल, उंच ऊस. त्या काळातला अद्ययावत अमेरिकी रणगाडा त्या उसात आंधळा झाला. फोर ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन पिकाच्या आडोशाला थांबले. पॅटन जवळ आला की डागायचं आणि लगेच जागा बदलायची. जीपला चिलखत नसतं. तिथेच ते मारले गेले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं.

“आमच्या खेळात पण असंच होतं,” भाचा म्हणाला. “झाडीत एकटा कोणीतरी बसलेला असतो, आपल्याला दिसतच नाही.” मग तो टरेटवरच्या झाकणाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “मामू, इसमें कितने लोग बैठते थे?”

एम-४८ असेल तर चार, मी म्हणालो. एम-४७ असेल तर पाच.