शिकवण तीच, मतं वेगळी : १९३२ चं जर्मनी

जर्मनीचा एक नकाशा कॅथलिक लोकसंख्येनुसार रंगवा आणि दुसरा जुलै १९३२ च्या निवडणुकीतल्या नाझी मतांनुसार. शेजारी ठेवले की एक नकाशा दुसऱ्याची निगेटिव्ह वाटतो. नाझी पक्षाला देशभरात ३७.३ टक्के मतं होती. प्रोटेस्टंटबहुल श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये ५१ टक्के, तर कॅथलिकबहुल कोलोन-आखेन मतदारसंघात जेमतेम २०.

उत्तर समोरच दिसतं ना? लिओ तेरावे पोप यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या पत्रात कामगाराला जगण्यापुरतं वेतन हवं असं मांडलं. पायस अकरावे यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो'मध्ये, लहान संस्थांना जमणारी कामं राज्यसंस्थेने स्वतःकडे ओढू नयेत, असं बजावलं. ही शिकवण मुरलेला माणूस हिटलरला कशाला मत देईल?

पण जरा थांबा. मतदान गुप्त असतं. आपल्या हाती जिल्ह्याचे आकडे येतात, माणसाचे नाही. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये याचा धोका दाखवला. अमेरिकेत जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त, त्या राज्यांत साक्षरताही जास्त होती. प्रत्यक्षात या लोकांत निरक्षर अधिक होते. ते फक्त साक्षर राज्यांत जाऊन वसले होते. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोललं की असं फसायला होतं.

शिवाय जर्मन कॅथलिकांची गोष्ट इतरही बाबतींत वेगळी होती. १८७० पासून त्यांचा स्वतःचा सेंटर पक्ष होता आणि बिस्मार्कच्या काळातल्या छळाची आठवण होती. मग मतामागे शिकवण, पक्षनिष्ठा की प्रदेश?

श्पेंकुख आणि टिलमन यांचा २०१८ चा शोधनिबंध मला इथे फार आवडतो. १५५५ च्या ऑग्सबर्ग तहानुसार राजाचा धर्म तोच प्रजेचा ठरला. म्हणजे १९३२ चा मतदार कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे बऱ्याच अंशी पौने चारशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या निवडीवर ठरलं होतं. या दोघांनी हाच इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल वापरला. तरीही दरी मोठीच राहिली. मग त्यांनी नाझींकडे उघड झुकलेल्या धर्मगुरूंच्या आसपासची कॅथलिक गावं पाहिली. तिथे नाझींना होणारा विरोध बराच सौम्य निघाला.

विज्ञानवाल्यांनो, कंट्रोल आठवला? पोपचं पत्र दोन्हीकडे तेच होतं. बदलला तो वाचून दाखवणारा. (ऑस्ट्रियात तर डॉलफुसने १९३४ च्या आपल्या हुकूमशाही राज्यघटनेसाठी याच 'क्वाद्राजेसिमो आन्नो'चा आधार घेतला!) म्हणून 'कॅथलिक शिकवणीमुळे मतं पडली' हे वाक्य मी तरी प्रबंधात असं नुसतं लिहिणार नाही. शिकवण आणि मतपेटी यांच्या मध्ये बिशप, गावचा धर्मगुरू आणि पक्ष उभे असतात. त्यातला कोण किती, हे वेगळं मोजावं लागतं.

बिशपांचंच बघा. १९३० मध्ये माइन्झच्या धर्मप्रांताने कॅथलिकांना नाझी सदस्यत्व वर्ज्य ठरवलं, ऑगस्ट १९३२ मध्ये फुल्डाच्या बिशप परिषदेने तेच केलं. २३ मार्च १९३३ ला सेंटर पक्षाने हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिलं आणि २८ मार्चला बिशपांनी बंदी मागे घेतली. यानंतर कॅथलिक मतदार कुठे वळले असते, हे तपासायला खरी निवडणूक हवी होती. नोव्हेंबर १९३३ च्या मतपत्रिकेवर एकच यादी होती.