ग्रहपृष्ठांची उष्णता संवाहकता : मापनाचा इतिहास

ग्रह वा उपग्रह यांच्या पृष्ठभागावरील मृदा व खडक यांतून उष्णता किती सुलभतेने वाहते हे दर्शविणाऱ्या राशीस त्या द्रव्याची उष्णता संवाहकता म्हणतात. खोलीनुसार होणारी तापमानवाढ व संवाहकता यांच्या गुणाकारावरून अंतर्भागातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा प्रवाह मिळतो. त्यामुळे संवाहकतेच्या मापनातील चूक ग्रहाच्या अंतर्भागाविषयीच्या अनुमानात जशीच्या तशी उतरते.

संवाहकता द्रव्याच्या संघटनाइतकीच त्याच्या भौतिक स्थितीवरही अवलंबून असते. ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या परिसरातील पारसिक टेकड्या व मलंगगड दक्षिण ट्रॅप बेसाल्टाचे आहेत. अशा घट्ट बेसाल्टाची संवाहकता सु. १·५ ते २ वॉट प्रतिमीटर प्रतिकेल्व्हिन असते (पुढील संवाहकता-मूल्ये याच एककात आहेत). चंद्रावरील ‘सागर’ या काळसर सपाट प्रदेशांतील खडकही बेसाल्टच होय. परंतु उल्कापातांमुळे पृष्ठभागी त्याची भुकटी झालेली आहे. निर्वातात कणांच्या दरम्यान हवा नसल्याने उष्णता केवळ कणांच्या स्पर्शबिंदूंतून व प्रारणाने जाते. परिणामी संवाहकता शंभर पटींहूनही घटते.

पृथ्वीवर पाण्यामुळे मापन गुंतागुंतीचे होते. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या परिसरातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्ण झऱ्यांत खोलवरची उष्णता पाण्याबरोबर वर येते. तेथे वरील गुणाकार लागू पडत नाही. त्यासाठी पाण्याच्या हालचालीपासून मुक्त असे खोल वेधनछिद्र लागते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे घेतलेल्या छिद्रातील निरीक्षणांवरून उष्णता प्रवाह दर चौ. मी.ला सु. ४३ मिलिवॉट आढळला.

तप्त शलाका पद्धती : या पद्धतीत बारीक लांब शलाका मृदेत खुपसून तिला विद्युत् प्रवाहाने स्थिर दराने उष्णता देतात. सुरुवातीचा अल्पकाळ वगळता शलाकेचे तापमान कालाच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात वाढते. ही वाढ जितकी मंद तितकी संवाहकता अधिक. १९५९ मध्ये फोन हेर्झेन व मॅक्सवेल यांनी सागरतळावरील गाळासाठी सुईसारखी शलाका वापरली व ही पद्धती भूभौतिकीत रूढ झाली.

चंद्रावरील पहिली मापने अमेरिकेच्या अपोलो–१५ (१९७१) व अपोलो–१७ (१९७२) मोहिमांत मार्कस लँगसेथ यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. शलाका अनुक्रमे सु. १·४ व २·३ मी. खोल बसविण्यात आल्या. अपोलो–१६ मोहिमेत मात्र अंतराळवीराचा पाय अडकून केबल तुटली व प्रयोग निष्फळ ठरला. अपोलो–१५ च्या स्थानी प्रारंभी ३३ मिलिवॉट हे मूल्य काढण्यात आले. तथापि वेधनामुळे छिद्राभोवतीची मृदा दाबली गेली होती आणि तापक त्या दबलेल्या मृदेचीच संवाहकता दाखवीत होता. पुढे वार्षिक तापमान-तरंग खोलवर कसा पोहोचतो हे पाहून संवाहकता सु. ०·०१ ठरविण्यात आली आणि १९७६ मध्ये दोन्ही स्थानांची सुधारित मूल्ये २१ व १६ मिलिवॉट अशी देण्यात आली.

त्यानंतरचे प्रयत्न कष्टाचे ठरले. २०१४ मध्ये फिलाई यानाची शलाका धूमकेतूच्या कठीण पृष्ठात शिरू शकली नाही. मंगळावरील इनसाइट यानाचा ‘मोल’ ५ मी. खोल जाण्यासाठी बनविला होता, तो सु. ४० सेंमी.वरच अडला व जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न थांबविण्यात आले. तरीही त्याच्या तापकाने तेथील मृदेची संवाहकता ०·०३९ दिली. मंगळावर विरळ का होईना वातावरण असल्याने हे मूल्य चंद्रावरील मूल्यापेक्षा मोठे आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरलेल्या चंद्रयान–३ वर ‘चास्टे’ ही दहा तापमान संवेदकांची शलाका होती. थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रातील अवकाश भौतिकी प्रयोगशाळेने अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने ती तयार केली. वेधन न करता ती यंत्राने हळूहळू मृदेत दाबण्यात आली. ८ सेंमी. खोलीवर संवाहकता सु. ०·०१२ आढळली. उच्च अक्षांशांवरील हे पहिले प्रत्यक्ष मापन होय. मात्र एवढ्या खोलीपर्यंतचा थर सूर्याच्या दैनिक उष्णतेच्या प्रभावाखाली असतो. त्यामुळे ध्रुवीय प्रदेशातील अंतर्गत उष्णता प्रवाह ठरविण्यासाठी याहून बऱ्याच खोल शलाकेची आवश्यकता आहे.