वेगवान मोटारींची शीतलनव्यवस्था आणि मार्गावरील आघात

इंजिनातील अतिरिक्त उष्णता द्रवामार्फत बाहेर आणून हवेत सोडणारी रचना म्हणजे शीतलनव्यवस्था. तिच्या आणि तिच्यालगतच्या ज्या अवयवांना वाहत्या हवेचा साक्षात स्पर्श अनिवार्य असतो, त्यांना येथे 'अनावृत अवयव' म्हटले आहे. रेडिएटर, त्यापुढील एसीचा कंडेन्सर, ऑइल कूलर आणि टर्बो इंजिनात इंटरकूलर हे ते अवयव होत.

यांची भेद्यता हा निर्मितीतील प्रमाद नव्हे. हवेला दिलेली वाट खड्यालाही मोकळीच राहते. शक्ती वाढली की उत्सर्जनीय उष्णता वाढते, तिच्यासाठी हवेची मुखे रुंद करावी लागतात, आणि ठेंगण्या बांध्यामुळे ती रस्त्यालगत येतात. वेगाचा परिणाम याहून तीव्र आहे, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० ग्रॅमच्या खड्यावर मोटार ताशी १०० किलोमीटरने आदळली तर आघाताची ऊर्जा सुमारे ४ ज्यूल असते. २०० ला ती १५ ज्यूलवर जाते. हा खडा ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर बसतो, तिची भिंत बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते.

हानी द्विविध आहे: आघातजन्य आणि अवरोधजन्य. आघातजन्य हानीचे गांभीर्य अवयवानुसार बदलते. इंटरकूलर फुटल्यास शक्ती घटते; कंडेन्सर फुटल्यास एसी बंद पडतो; ऑइल कूलर फुटल्यास वंगणच नष्ट होते. रेडिएटरचे प्रकरण अधिक कपटी आहे. कूलंट, म्हणजे उष्णता वाहणारे द्रव, दाबाखाली असल्याने १०० अंश सेल्सिअसच्या बरेच वरही द्रवरूप राहते. गळतीने दाब उतरला की ते उकळू शकते, आणि पातळी खालावून तापमापक संवेदक कोरडा पडला तर काटा खरे तापमान दाखवीलच असे नाही. तोवर इंजिनाचे सिलिंडर हेड वाकलेले असू शकते.

अवरोधजन्य हानी संथ असते. उदाहरणार्थ, पोर्शे ९११ चे इंजिन मागे आहे. १९९७ साली आलेल्या ९९६ या पिढीपासून ते जलशीतित झाले आणि रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत गेले. त्यांच्यापुढे कंडेन्सर असतात. मुखातून शिरलेला पाला तेथे साचतो, ओल धरतो आणि धातूचे क्षरण घडवतो. कंडेन्सर रेडिएटरची ढाल बनतो खरा, पण ढालीचीही किंमत मोजावी लागते.

उपाय जाळीचा. तिच्यावरील आक्षेप असा की ती हवा अडवते. १ मिलिमीटर जाडीची तार मध्य ते मध्य १० मिलिमीटर अंतराने विणली तर ८१ टक्के क्षेत्र मोकळे राहते. ५ मिलिमीटर अंतराने विणली तर ६४ टक्के. म्हणजे मोकळ्या क्षेत्राचा सुमारे पाचवा हिस्सा गेला. मात्र छिद्र ९ वरून ४ मिलिमीटरवर आले, आणि वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने आरपार जाऊ शकणाऱ्या गोल खड्याचे कमाल वस्तुमान सुमारे अकरावा हिस्सा उरले. शीतलनात पुरेशी राखीव क्षमता असेल तेथे, माझ्या मते, हा व्यवहार लाभाचाच आहे. शर्यतीच्या मैदानावर ती क्षमता आधी तपासावी.

जाळी रेडिएटरला चिकटवून मात्र लावू नये. आघाताने ती आत दबते आणि तारच नळीवर बसते. ती मुखाशी असावी; तेथे अडकलेला पाला बंपर न उतरवता हाताने काढता येतो.