गावांची नावं कुठे गेली? टायपिंग क्लासपासून कॉम्प्युटर कोर्सपर्यंतचा एक छोटा इतिहास

माझं पीएच.डी.चं काम कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींवर आहे. वाळवा, मिरज, पलूस, तासगाव या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिल्यामुळे ज्या जमिनी खारावल्या, तिथल्या मातीचे नमुने मी तपासते. पण फक्त आजचे आकडे मोजून भागत नाही. वीस वर्षांपूर्वी त्याच गावात मातीचा सामू किती होता, क्षारता किती होती, हे कळल्याशिवाय 'जमीन बिघडली की सुधारली' हे सांगता येत नाही. म्हणून मी जुन्या नोंदी शोधत होते.

सांगलीतल्या एका कार्यालयात विचारलं. कागद २०१९ च्या महापुरात भिजले होते. पण कपाटाच्या वरच्या खणात एक सीडी सापडली. २००३ ची. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, म्हणून मैत्रिणीकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. फाइल उघडली आणि समोर दिसलं ते असं: आकडे सगळे व्यवस्थित, ८.४, ८.९, ९.१, पण त्यांच्या शेजारच्या रकान्यात, जिथे गावाचं नाव असायला हवं, तिथे टोप्या आणि टिंबं लावलेली परदेशी अक्षरं. आकडे होते, पण कुणाच्या शेतातले ते कळत नव्हतं. संशोधनाच्या दृष्टीने असा आकडा म्हणजे शून्यच.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर आज ना उद्या तुमच्याही हाती अशी फाइल येणार आहे. म्हणून ही फाइल अशी का झाली, याचा इतिहास आज सांगते. हा इतिहास पहिल्या वर्षाला आपण ज्याला 'सोपा पेपर' म्हणून हसतो, त्या कॉम्प्युटरच्या बेसिक कोर्सचाच आहे.

आधी टायपिंगचा क्लास होता

सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा, इस्लामपूर. कुठल्याही गावात एसटी स्टँडच्या आसपास पहिल्या मजल्यावर टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. बारावी झाली की मुलांना तिथे धाडलं जायचं, कारण नोकरीच्या जाहिरातीतली अट सगळ्यांना पाठ होती: लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. परीक्षा घ्यायची पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ मध्ये बाजारात आणला होता. मराठी यंत्रावर बहुतेक ठिकाणी रेमिंग्टन पद्धतीची कळांची मांडणी असायची.

या यंत्राची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. टाइपरायटर अक्षर 'लिहीत' नाही, अक्षराचे तुकडे कागदावर शेजारी शेजारी ठोकतो. 'मि' उमटवायचं तर आधी पहिली वेलांटी, मग 'म', कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. 'ख', 'भ', 'थ', 'श' यांसारख्या अक्षरांना आधी अर्धं अक्षर आणि मग काना. रफार मात्र सगळ्यात शेवटी. म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने नव्हे, डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. कागदावर छापायचं असेल तर यात काहीच चूक नाही.

मग कॉम्प्युटर आला, पण सवय तीच राहिली

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात शहरांमध्ये खासगी क्लास निघाले. पाटीवर लिहिलेलं असायचं: डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस. हे सगळं इंग्रजीत. मराठीचं काय करायचं, हा प्रश्न साताऱ्याहून तीनेक तासांवरच्या पुण्यात सोडवला जात होता. १९८८ मध्ये तिथे सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचं तंत्रज्ञान पुढे सी-डॅककडे आलं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा कोड ठरला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून सुधारून प्रसिद्ध झाला. त्यात 'मि' साठवायचा तो बोलण्याच्या क्रमाने, आधी म, मग वेलांटी. त्याच १९९१ साली यूनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच आधारावर मांडलेली होती.

म्हणजे योग्य उत्तर १९९१ मध्येच तयार होतं. मग २००३ ची माझी फाइल अशी का?

कारण तेव्हाच्या विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी जोडाक्षरं जुळवताच येत नव्हती. वर्डमध्ये मराठी लिहायचं तर एकच वाट होती. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेला फॉन्ट वापरायचा. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएममधले सुरेख, योगेश हे फॉन्ट डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. फाइलमध्ये साठवलं जायचं ते कुठल्या तरी परदेशी अक्षराचा क्रमांक. फॉन्ट त्याला मराठी तुकड्याचा चेहरा द्यायचा. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर टोप्या आणि टिंबं. टायपिंग क्लासमध्ये शिकलेले लोक यावर लगेच रुळले, कारण तुकडे शेजारी ठेवायची रीत त्यांच्या बोटांत होतीच. टाइपरायटर गेला, पण त्याचा क्रम फाइलच्या पोटात राहिला.

२००१-०२: सगळ्यांसाठी एक कोर्स

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाला. विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, इंटरनेट. दोन-तीन महिन्यांत हे शिकायचं. प्रमाणपत्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं. सरकारी भरतीच्या जाहिरातींत टायपिंगच्या जोडीला नवी ओळ आली, 'सीसीसी किंवा एमएस-सीआयटी आवश्यक'. आधीच नोकरीत असलेल्यांनाही संगणक अर्हता लागू झाली. मुदतीत पूर्ण न केल्यास वेतनवाढ रोखली जाईल, अशी तरतूद होती. पन्नाशीतले गुरुजी आणि दहावी झालेली मुलगी एकाच बाकावर माउस धरायला शिकत होते. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना हे दृश्य आठवत असेल.

या कोर्सवर विनोद करणं सोपं आहे. मी करणार नाही. तालुक्याच्या गावात, घरात कॉम्प्युटर नसलेल्या लाखो मुलामुलींना यंत्राला हात लावायची संधी मिळाली ती अशा केंद्रांमुळे. गावपातळीवर संगणकाचे प्रयोगही आधीच सुरू झाले होते. १९९८ च्या 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं निवडली होती. तिथे प्रत्यक्षात संगणकाचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदींसाठी झाला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या गटाने सात गावांत आठ महिने प्रयोग केला आणि तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने स्वस्तात आणि शेतकऱ्यांना जास्त आवडेल अशा रीतीने होतं, हे दाखवलं. शेतकऱ्याला गरज नोंदीची होती. ती पडद्यावर कशी दिसते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. बेसिक कोर्सची अशी पुस्तकं उघडून बघा. पहिलं युनिट: बिट, बाइट, मेमरी, बायनरी संख्या, अ‍ॅस्की कोड. तिसरं-चौथं युनिट: वर्ड आणि एक्सेल. पहिलं युनिट आपण दोन मार्कांच्या प्रश्नांसाठी पाठ करतो आणि विसरतो. वर्ड-एक्सेल 'खरं कॉम्प्युटर' म्हणून शिकतो. पण या दोघांमधला दुवा कुणी जोडून दाखवत नाही. आपण वर्डमध्ये जे टाइप करतो ते म्हणजे पहिल्या युनिटमधले कोडच, हे परीक्षेत कधी विचारलं जात नाही. कारण या कोर्सचे पूर्वज ऑफिस आणि टायपिंगची परीक्षा. त्यांचं माप एकच होतं: कागदावर नीट दिसतं का?

माझ्या फाइलचं पुढे काय झालं

साताऱ्यात एक बाई अनेक वर्षं टायपिंग आणि संगणकाचा क्लास चालवतात. त्यांना मी मोबाइलवर त्या फाइलचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा योगेश दिसतोय. लावून बघ." नुसत्या टोप्यांवरून फॉन्ट ओळखला! मी फॉन्ट शोधून टाकला आणि स्क्रीनवर गावं उभी राहिली.

पण काम संपलं नव्हतं. फॉन्ट लावल्याने फक्त चेहरा बदलतो, आत तेच जुने क्रमांक असतात. नावांनुसार यादी लावली तर मिरज, विटा, शिराळा एकापाठोपाठ एक आले. पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग लक्षात आलं, या सगळ्या नावांत फाइलमधला पहिला कोड वेलांटीचा आहे! साताऱ्याजवळचं लिंब असतं तर तेही त्याच रांगेत बसलं असतं. मशीनला 'म', 'व', 'श' दिसतच नव्हते. म्हणून कन्व्हर्टर वापरून सगळं यूनिकोडमध्ये आणलं. तिथे रफार घसरले, 'कार्वे'सारखी नावं मोडली, ती हाताने दुरुस्त केली. काही ओळी शेवटपर्यंत लागल्या नाहीत. त्या मी वगळल्या आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलं.

हसू नका, ही चूक मीही केली

जुन्या लोकांची चूक काढून मी मोकळी झाले असते. पण त्याच आठवड्यात माझी स्वतःची २०२२ ची एक्सेल फाइल पाहिली. गट नंबरच्या रकान्यात '५ फेब्रुवारी' लिहिलेलं! मी टाइप केलं होतं गट नं. ५/२. एक्सेलने ती तारीख समजली. सेलचा फॉरमॅट नंबर केला तर ४४५९७ आलं, कारण एक्सेल तारखेला १९०० सालापासूनच्या दिवसांची मोजणी म्हणून साठवतं. म्हणजे ५/२ आता फाइलमध्ये कुठेच नव्हतं. मीही दहावीच्या सुट्टीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, चांगल्या मार्कांनी पास झालेली.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. जनुकांची नावंही एक्सेल अशीच तारखा करून टाकतं. २०१६ मध्ये एका अभ्यासाने तपासलं, तर एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली. एक्सेलची ही सवय बंद करण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टने त्यानंतर, २०२३ मध्ये दिला.

मग तुम्ही काय करायचं?

यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.ला किमान एका सत्राचा कोर्सवर्क आणला. त्यातल्या संशोधन पद्धतीच्या विषयात संगणकाचा वापर असू शकतो, असंही म्हटलं. म्हणजे हा 'सोपा पेपर' तुम्हाला पुन्हा भेटणार. तेव्हा एवढं करा.

जुनी फाइल मिळाली की आधी मूळ प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा आणि कॉपीवर काम करा. ती कोणत्या साली, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्या फॉन्टमध्ये बनली ते लिहून ठेवा. जमलं तर ती बनवणाऱ्या माणसाला भेटा. आपण शिलालेखाची लिपी आणि काळ विचारतो, तसंच फाइललाही विचारायचं.

स्वतःची नोंद करताना गट नंबर, नमुन्याचा क्रमांक, फोन नंबर असे रकाने आकडे भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून घ्या. माहिती रंगात ठेवू नका. पिवळा सेल म्हणजे 'संशयास्पद नमुना' हे सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही. त्यासाठी वेगळा रकाना करा. मराठी फक्त यूनिकोडमध्ये टाइप करा. वर्डमध्ये प्रकरणांची शीर्षकं हेडिंग स्टाइलने द्या, नुसती ठळक करू नका. अनुक्रमणिका आपोआप तयार होईल. आणि पहिल्या वर्षाचं ते पुस्तक रद्दीत गेलं नसेल तर पहिलं युनिट एकदा परत वाचा. या वेळी मार्कांसाठी नको.

त्या बाईंना मी नंतर विचारलं होतं, इतक्या वर्षांनी फॉन्ट ओळखता कसा आला? त्या म्हणाल्या, "फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की हेच दिसायचं ना रोज. कोणी विचारलंच नाही म्हणून सांगितलं नाही."

तुमच्या विषयातही अशी माणसं आहेत. जुने ऑपरेटर, डीटीपीवाले, निवृत्त लिपिक. ती आहेत तोवर विचारून घ्या.