डोक्याचा मुका मार

आपल्या भाषेत ‘मुका मार’ असा एक फार नेमका शब्द आहे. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, वरून काही दिसत नाही, पण आतून ठणकतं. पाठीला किंवा पायाला मुका मार लागला की घरात आंबेहळद उगाळली जाते आणि चार-आठ दिवसांत माणूस हिंडू-फिरू लागतो. पण तोच मुका मार डोक्याला लागला तर? मोटारसायकल घसरते, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, दवाखान्यात स्कॅन होतो आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ असं सांगून घरी पाठवतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत खरोखरच निभावून जातं. काहींचं मात्र नाही. महिने लोटले तरी डोकं दुखतं, उजेड सोसवत नाही, भोवळ येते, वाचलेलं ध्यानात राहत नाही, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते. आणि हातात कागद असतो नॉर्मलचा! अशा माणसाने उपचार मागायचे कुणाकडे आणि कसे, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो जितका वैद्यकाचा, तितकाच कोर्टकचेऱ्यांचाही आहे.

आजच्या तेहरानजवळ रै नावाचं जुनं शहर होतं. तिथला हकीम अबू बक्र अल-राझी दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादच्या रुग्णालयाचा प्रमुख होता. कवटी फुटून मेंदूला झालेली इजा वेगळी आणि काही न फुटता मेंदूचं काम थोडा वेळ बंद पडणं वेगळं, हा भेद त्याने केला. पुढे १२९६ मध्ये मिलानहून पॅरिसला आलेल्या लानफ्रांकने आपल्या शल्यचिकित्सेच्या ग्रंथात तेच सांगितलं. त्याचा लॅटिन शब्द होता ‘कोमोशिओ’, म्हणजे हादरणं. दोघांच्याही मते हा हादरा तात्पुरता. ज्यांचा हादरा संपत नाही, त्यांना या व्याख्येत जागा नव्हती.

ती जागा रेल्वेने करून दिली. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, स्टेपलहर्स्टजवळ, पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढून ठेवलेले असताना गाडी आली. मुकादमाने वेळापत्रक चुकीचं वाचलं होतं. दहा माणसं गेली. वाचलेल्यांत चार्ल्स डिकन्स होता. त्याने हॅटमधून पाणी आणून जखमींना पाजलं, लोंबकळत्या डब्यात परत चढून कादंबरीचं हस्तलिखितसुद्धा काढलं. अंगावर ओरखडा नाही. पण त्यानंतर आगगाडीत बसलं की त्याला कापरं भरे. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजीच, तो वारला. डिकन्सचं डोकं आपटलं होतं असं नव्हे. पण वरून धडधाकट आणि आतून मोडलेली अशी माणसं तेव्हा इंग्लंडभर रेल्वे कंपन्यांकडे भरपाई मागत होती.

त्यांची बाजू घेतली जॉन एरिकसन या लंडनच्या सर्जनने. १८६६ साली छापलेल्या त्याच्या व्याख्यानांत एक सुंदर उपमा आहे. नालेच्या आकाराच्या लोहचुंबकावर हातोडा मारला तर लोखंड जसंच्या तसं दिसतं, चुंबकत्व मात्र निघून जातं. माणसाच्या मज्जेचं तसंच होतं, असं तो म्हणे. (शास्त्र म्हणून हे टिकलं नाही, उपमा म्हणून मला अजून आवडते.) त्याचा उपचार होता संपूर्ण विश्रांती. लोकांनी या आजाराला ‘रेल्वे स्पाइन’ म्हटलं. मग १८८३ मध्ये हर्बर्ट पेजने उलट पुस्तक लिहिलं. मज्जेला काही होत नाही, हा सारा भयाचा परिणाम, असं त्याचं म्हणणं. हे पेजसाहेब एका बड्या रेल्वे कंपनीचे सर्जन होते, हे सांगायलाच हवं. अर्थात भयाने शरीर खरोखर आजारी पडतं, हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. कोर्टात मात्र त्याचा अर्थ ‘नाटक करतोय’ एवढाच निघे.

पहिल्या महायुद्धात हाच वाद खंदकांत गेला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्सने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. ब्रिटिश लष्कराने या रुग्णांचे दोन वर्ग केले. तोफगोळा जवळ फुटल्याचं सिद्ध झालं तर शिपाई ‘जखमी’. नाहीतर नुसता ‘आजारी’. जखमीला मान आणि निवृत्तिवेतनाचा हक्क, आजाऱ्याला काही नाही. १९१७ साली तर तो शब्द वापरायलाच बंदी आली. १९६१ मध्ये न्यूकासलच्या हेन्री मिलरने लिहिलं की, असे बहुतेक रुग्ण भरपाईचा निकाल लागला की बरे होतात. वकिलांनी हा लेख वर्षानुवर्षं वापरला. इतरांनी नंतर पाहणी केली तेव्हा पैसे मिळूनही डोकं दुखतच असलेले अनेक जण सापडले.

इथवर प्रश्न एकच होता, हा माणूस खरं बोलतो की खोटं? न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला, डोरोथी ग्रोनवॉल आणि फिलिप राइटसन यांनी तो बाजूला ठेवला आणि मोजायला घेतलं. ग्रोनवॉलबाईंची चाचणी घरीही करून पाहता येते. कुणीतरी एकेक आकडा वाचायचा आणि आपण प्रत्येक आकडा त्याच्या आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर सांगायचं. तीन, आठ, पाच, नऊ. उत्तरं अकरा, तेरा, चौदा. आकडे दोन-अडीच सेकंदांना एक येतात, मग वेग वाढतो. चांगल्याचुंगल्या माणसाचीही तारांबळ उडते! डोक्याला मार लागलेले मागे पडत, ते बुद्धी गेली म्हणून नव्हे, वेग गेला म्हणून. १९७४ मध्ये त्यांनी दाखवलं की, ज्यांच्या तक्रारी रेंगाळतात त्यांचे गुणही उशिरा सुधारतात आणि गुण सुधारले की तक्रारीही ओसरतात. न दिसणारं दुखणं पहिल्यांदा कागदावर उतरलं. उपचारही त्यातूनच निघाला. गुण पाहून माणसाला टप्प्याटप्प्याने कामावर पाठवायचं, आधी थोडे तास, मग पूर्ण दिवस.

नंतरची वाटचाल मुख्यतः या शतकातली. २००२ मध्ये मेलबर्नला असं दिसलं की, मार लागल्यावर आठवडाभरात नुसती एक माहितीपुस्तिका दिली, काय होईल आणि कसं निभवायचं हे सांगितलं, तरी तीन महिन्यांनी तक्रारी कमी राहतात. औषधाची गोळी नाही, चार कागद! याउलट एरिकसनच्या काळापासूनची कडक विश्रांती २०१५ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला तपासली गेली, तेव्हा पाच दिवस सक्तीने पडून राहिलेल्या मुलांनी एक-दोन दिवसांत उठलेल्यांपेक्षा जास्तच तक्रारी सांगितल्या. अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहा, हा सल्ला आजही आपल्याकडे ऐकू येतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पहिल्या एक-दोन दिवसांची विश्रांती पुरे. उलट्या, वाढती गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर मात्र तडक रुग्णालय.

कॅनडातल्या कॅल्गरीत २०१४ मध्ये ३१ रुग्णांवर छोटा प्रयोग झाला. सगळ्यांच्या तक्रारी रेंगाळलेल्या. निम्म्यांच्या मानेवर आणि तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानावर खास व्यायामोपचार केले. आठ आठवड्यांत त्यांतले ७३ टक्के खेळायला मोकळे झाले. दुसऱ्या गटातले फक्त ७ टक्के. म्हणजे डोक्याच्या नावावर खपणारं दुखणं पुष्कळदा मानेत दडलेलं असतं, डोक्याच्या स्कॅनमध्ये ते दिसणार कसं?

या दुखण्यावर सिद्ध झालेली गोळी अजून नाही. कुणाची मान, कुणाचे डोळे, कुणाची झोप, कुणाचं मन बिघडलेलं असतं. ते शोधून एकेक दुरुस्त करणारा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट लागतो. अमेरिकेतल्या बफेलो इथे जॉन लेडी यांनी त्यात चालण्याची भर घातली. रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात, चढ हळूहळू वाढवतात आणि डोकं दुखायला लागलं की थांबून नाडीचे ठोके लिहून घेतात. मग रोज वीस मिनिटं, त्या ठोक्यांच्या साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत जाईल एवढाच व्यायाम. काही दिवसांनी पुन्हा मोजतात आणि आकडा थोडा वर सरकवतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)